भाजीच्या खणातला हिवाळा

लाहौलहून एका ट्रकवाल्याने पाठवला
मुळाचा तुकडा, करंगळीएवढा,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेला.
वर निळ्या शाईत: हॉप. झोपलंय. उठवू नका.

श्रावण होता. भांडुपच्या आमच्या घरात
मिठालाही पाणी सुटलेलं.
आणि याला हवी दहा आठवडे थंडी,
नाहीतर वाढतं म्हणे, फुलत नाही.

छत्तीस वर्षं मी माझगावला बर्फाच्या कारखान्यात होतो.
अमोनियाने डोळे चुरचुरत लाद्या पाडल्या
पापलेटासाठी, लग्नातल्या सरबतासाठी,
एकदा एका म्हातारीसाठी,
जिचा मुलगा दोन दिवस उशिरा पोचणार होता.
झोपलेल्या मुळासाठी थंडी मात्र
पहिल्यांदाच.

चारुशीलेने कोथिंबीर बाजूला सारली.
"आल्यासारखं दिसतंय. चहात गेलं तर
मला बोलायचं नाही."

वीज गेली की मी फ्रिजच्या दारावर
पालथा हात ठेवून उभा राहायचो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दसऱ्याला कुंडीत लावलं.
दिवाळीत कोंब, लालसर, चिडका.
मग कपडे वाळत घालायची दोरी त्याची झाली.
वेल एकाच बाजूने वळतो, प्रदक्षिणेसारखा.
एका रात्री मी मुद्दाम उलटा गुंडाळला;
सकाळी सुटून लोंबत होता,
माझ्याकडे पाठ करून.

इथला दिवस त्याला आखूड पडतो,
म्हणून गच्चीवर दहापर्यंत बल्ब.
त्या उजेडात पाच बोटांची पानं
समोरच्या विंगेतून दिसली,
आणि सेक्रेटरी करगुटकर हवालदाराला घेऊन वर आले.
गांजाचं चुलतभावंड आहे, हे खरं.
पण सोज्वळ.
हवालदाराने पान चुरगाळलं, हुंगलं,
"कारलं आहे हो," म्हणाला,
आणि जिना उतरला.
मी गप्प. खोटं तो बोलला, मी नाही.

देठावर बारीक आकडे असतात,
हातावर ओरखडे उठतात.
आजोबांच्या पोटऱ्या अशाच होत्या,
माहीमच्या माडांनी खरवडलेल्या.
आम्ही भंडारी. कमरेला आकडी, आकडीत कोयता,
पाठीवर भोपळा, आणि पहाटे वर
जिथे आता चारचाकी लावतात, त्याच्याही वर.
सकाळची माडी गोड,
दुपारपर्यंत ती आपोआप बोलायला लागे.
त्यांनी तिच्यात कधी काही कडू घातलं नाही.
कडू घालतात टिकावं म्हणून.
आजोबांना संध्याकाळपलीकडे
काही टिकवायचं नव्हतं.

चैत्रात फुलं आली. अकरा.
हिरव्या कागदी घड्यांची, बोटाच्या पेराएवढी.
पाडव्याला कडुनिंबाच्या वाटीशेजारी
एक चुरडून ठेवलं:
पिवळी धूळ, कैरीचा चीक,
आणि बंद पडलेल्या गोदामातलं ओलं लाकूड.
उरलेली दहा
मोड आणून भाजलेल्या जवांच्या पाण्यात उकळली,
जिथे मूठभर लागतात तिथे.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली.
फुस्स नाही, फेस नाही.
जवाच्या पाण्याला कुणीतरी
लांबून कडू हाक मारल्यासारखं.
चारुशीलेने एक घोट घेतला,
कडुनिंब खाताना करते तेच तोंड केलं.
म्हणाली, "वास चांगला आहे."
थोड्या वेळाने पेला पुन्हा पुढे केला,
माझ्याकडे न बघता.

पावसात कुंडी कुजेल म्हणून मूळ उकरलं.
आता ते तीन करंगळ्यांएवढं आहे,
खणात मावत नाही.
कोथिंबीर वरच्या कप्प्यात गेली,
लिंबं दारात.
काल पाहिलं तर खणावर चिकटपट्टी,
तिच्या अक्षरात:

हिवाळा चालू आहे.
दार पटकन लावावे.